पद गेले, आता देवळात कोणत्या तोंडाने जाऊ?

पत्र : मी ६४ वर्षांचा असून वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, राहतो. चार वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी माझी पत्नी वारली. त्यानंतर मी देवळाच्या कामाला वाहून घेतले. तीन वर्षे, फादरांना सल्ला देणाऱ्या पालकीय परिषदेचा सचिव होतो. रविवारचे दान मोजण्यापासून सणाच्या मंडपापर्यंत सर्व काही पाहत होतो. ज्या दिवशी दान मोजायला जात असे, त्याच दिवशी माझे कोणाशी तरी चार शब्द बोलणे होई. जूनमध्ये नवे फादर आले. त्यांनी परिषद नव्याने नेमली आणि मिस्सेनंतरच्या, म्हणजे उपासनेनंतरच्या, सूचनांमध्ये सर्वांदेखत ‘आता तरुणांना संधी देऊ’ असे जाहीर केले. मला आधी एका शब्दानेही विचारले नाही. तेव्हापासून मी आमच्या देवळात पाऊल ठेवलेले नाही. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामात जातो, तर कधी मोबाइलवरच मिस्सा पाहतो. परिषदेच्या फाइली अजून माझ्याच कपाटात आहेत. कोणी मागितल्या नाहीत. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही देवळात जात होता की ऑफिसात?’ मला तिचा राग आला, पण त्या रात्री झोप लागली नाही. माझी श्रद्धा म्हणजे केवळ पद होते का? बिशपना पत्र लिहावे का? आणि पदच नसेल, तर सेवा करायची तरी कशी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला सर्वांत सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. बिशपना पत्र लिहू नका. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३६ व्या कलमानुसार पालकीय परिषदेचे मत केवळ सल्ल्याचे असते आणि तिचे अध्यक्षपद धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे असते. आर्थिक समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असे पुढचे ५३७ वे कलम सांगते; परंतु तीही धर्मगुरूंना साहाय्य करण्यासाठीच असते. बदलून आलेल्या फादरांनी आपल्याबरोबर काम करणारी माणसे नव्याने नेमली, तर त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. पैशाच्या व्यवहारात काही काळेबेरे दिसले असते, तर मी वेगळा सल्ला दिला असता. परंतु तुमच्या पत्रात तसा एकही शब्द नाही.

तुम्हाला लागले, ते मात्र उगाच लागलेले नाही. तीन वर्षे राबलेल्या माणसाला आपण मोकळे झाल्याचे चारशे लोकांबरोबर बाकावर बसून कळावे, ही रीत चांगली नव्हे, आणि ती फादरांची होती म्हणून चांगली ठरत नाही. माझ्या अनुभवात अशा गोष्टी दुष्टपणाने क्वचितच होतात. नव्या ठिकाणी आलेल्या धर्मगुरूंना पहिल्या महिन्यात कोणी ना कोणी कानाशी लागून सांगत असते की, येथे तीच ती पाच-सहा माणसे सर्व काही चालवतात, आणि ते सांगणे अनेकदा खरेही असते. त्या पाच-सहा माणसांत आपण होतो का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला एकदा विचारून पाहा. त्याचे उत्तर मला कळवण्याची गरज नाही.

फादरांशी मात्र बोला. धर्मसभेच्या हिताचे जे आपल्याला वाटते, ते आपल्या धर्मगुरूंना सांगण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे आणि कधीकधी ते त्यांचे कर्तव्यही असते, असे त्याच धर्मसंहितेचे २१२ वे कलम म्हणते. अर्थात ते आदर राखून सांगायचे असते. रविवारी मिस्सा संपल्यावर साक्रिस्तीच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीच्या, दाराशी त्यांना गाठू नका, कारण त्या वेळी दहा माणसे त्यांना दहा गोष्टी विचारत असतात आणि तुमचे बोलणे पाच जणांच्या कानांवर पडते. मधल्या वारी संध्याकाळची वेळ मागून घ्या आणि एकटे जा. ‘मला आधी सांगितले असते तर बरे वाटले असते’ हे एक वाक्य बोला आणि थांबा. त्यापुढे मागच्या फादरांच्या काळी काय काय कसे होत असे, याचा पाढा वाचू नका. नव्या धर्मगुरूंना ते ऐकण्याचा जो कंटाळा येतो, तो मी जवळून पाहिला आहे.

आणि जाताना फाइली घेऊन जा. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ हीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहून गेला आहात. कोणी मागितल्या नाहीत, हे खरे असेल. पण मागायला येतील तेव्हा त्यांना आपली किंमत कळेल, असे कोठेतरी तुमच्या मनात असावे, असा मला संशय आहे. असे मनात येणे माणसाला धरूनच आहे. मी स्वतः एकदा नाताळच्या गोठ्याचे सामान कोठल्या माळ्यावर आहे, हे ठाऊक असूनही आगमनकाळाच्या चौथ्या, म्हणजे नाताळच्या तोंडावरच्या, आठवड्यापर्यंत गप्प बसले होते. तरीही ते कागद धर्मग्रामाचे आहेत, तुमचे नाहीत. इतिवृत्तांची वही, मंडपवाल्याचे आणि बँडवाल्याचे हिशेब, सभागृहाच्या आरक्षणाची नोंद, कोणत्या वर्षी छपराचा कोणता भाग दुरुस्त केला याची पावती, हे सारे लावून, वर एका कागदावर कशात काय आहे ते लिहून, नव्या सचिवाच्या हाती द्या. तो तरुण तुमच्या मुलीच्या वयाचा असेल. सणाच्या वेळी विजेचा जादा भार मिळवण्यासाठी अर्ज किती दिवस आधी करावा लागतो, हे त्याला कोणीही सांगितलेले नसेल. तेही लिहून ठेवा. पदाविना केलेली ही तुमची पहिली सेवा ठरेल, आणि ती कोणाच्या लक्षात येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. तिने तो रागाने विचारला असेल, काळजीने विचारला असेल, दोन्ही असेल. माझ्या मते त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, तुम्ही दोन्ही ठिकाणी जात होता. तुम्ही लिहिता, दान मोजण्याच्या दिवशी तेवढे कोणाशी बोलणे होई. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ज्या माणसाला आठवड्यातून एकदा चार जणांबरोबर नाणी लावत बसण्याचा आधार वाटला, त्या माणसाची श्रद्धा खोटी होती, असे मी म्हणणार नाही. देवळाने तुम्हाला धरून ठेवले. परंतु ज्या दुःखासाठी धरून ठेवले, त्या दुःखाकडे पाहायला तुम्ही कामाच्या गर्दीत सवड काढली नसावी, आणि काम हातातून गेल्याबरोबर ते चार वर्षांपूर्वीचे दुःख फादरांचा चेहरा घेऊन पुढे उभे राहिले असावे. हा माझा तर्क आहे. तो चुकीचा वाटला तर सोडून द्या.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरिया यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि देवळात राबणाऱ्या बायकांना ती बहुतेक वेळा टोमण्यासारखी ऐकावी लागते. मार्था स्वयंपाकात दमते, बहीण मदत करत नाही म्हणून येशूकडे तक्रार करते आणि येशू तिला तिच्या धावपळीविषयी समजावतो. प्रवचन बहुधा येथेच संपते. पण योहानच्या शुभवर्तमानात तीच मार्था पुन्हा भेटते. अकराव्या अध्यायात भाऊ वारल्यावर, गावाबाहेर, शोकात असताना, येशू हाच ख्रिस्त आहे अशी कबुली ती देते, आणि बाराव्या अध्यायाच्या आरंभी, बेथानीतील जेवणाच्या प्रसंगी, ती वाढत होती एवढेच योहान लिहितो. काम तेच आहे. या वेळी तक्रारीचा उल्लेख तेवढा नाही. येशूने तिला स्वयंपाकघर सोडायला लावले नव्हते. मधल्या काळात ती एका कबरीपाशी जाऊन आली होती. मला स्वतःला ही जागा फार उशिरा, वयाची पन्नाशी उलटल्यावर दिसली, आणि तुमचे पत्र वाचताना प्रथम तीच आठवली.

मोबाइलवरच्या मिस्सेविषयी फार लिहीत नाही. टाळेबंदीत तिचा आधार होता आणि अंथरुणाला खिळलेल्यांना आजही आहे. तुम्हाला मात्र चालता येते. शेजारच्या धर्मग्रामातील मिस्सा अर्थातच पूर्ण मिस्सा आहे, परंतु तेथे तुम्ही कोणालाही न भेटता येता आणि कोणालाही न भेटता जाता. पुढच्या रविवारी आपल्या देवळात जा. नेहमीच्या बाकावर बसवत नसेल तर दुसऱ्या बाजूला बसा. लोक विचारतील, ‘इतके दिवस कोठे होता?’ ‘आलो आता,’ एवढे उत्तर पुरे आहे.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या, म्हणजे सामान्य श्रद्धावंतांच्या, प्रेषितकार्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. प्रापंचिकांना हे कार्य करण्याचा अधिकार आणि जबाबदारी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि दृढीकरण या संस्कारांमधून, साक्षात ख्रिस्ताकडून मिळते, असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ, नव्या फादरांनी तुमच्याकडून जे काढून घेतले, ते मागच्या फादरांनी दिलेले होते; तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला कडेवर घेऊन स्नानकुंडापाशी नेले तेव्हा जे मिळाले, त्याला कोणी हात लावलेला नाही. हे बोलायला सोपे आहे. उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून स्वतःचे थोडे सांगते.

आमच्या धर्मग्रामात विन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा आहे आणि मी तिच्यात बरीच वर्षे काम केले. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केली. ‘तुम्ही ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी करता तरी काय?’ असे एका वादसभेत त्यांना हिणवून विचारले गेले होते. त्यावर उत्तर म्हणून ते भाषण तयार करत बसले नाहीत. पॅरिसच्या एका गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांना तेथील घर अन् घर ठाऊक होते. त्यांच्या मार्गदर्शनाने ती मुले लोकांच्या घरी जाऊ लागली. घरी जाणे हा त्या कामाचा गाभा आजही आहे. दोघा-दोघांनी जायचे, बसायचे, ऐकायचे आणि तेथे पाहिलेले बाहेर बोलायचे नाही.

हे नियम मला पाठ होते, तरी पहिली काही वर्षे मी ते काम शिक्षिकेप्रमाणेच केले. माझ्याकडे यादी असे, यादीपुढे खुणा असत, कोणाला किती तांदूळ आणि किती तेल गेले याचा हिशेब चोख असे. यादीत एक वृद्ध बाई होत्या. त्यांचे दोन्ही मुलगे परदेशी. पैशाची अडचण नव्हती, डबाही येत असे. त्या अंथरुणावर होत्या म्हणून नाव यादीत आले, एवढेच. तेथे मी पाच मिनिटे उभ्या उभ्या जाऊन येई. एकदा त्यांनी माझा हात धरून बसवले आणि म्हणाल्या, ‘देवळाची मृत्यूची घंटा वाजते, ती मला येथे पडल्या पडल्या ऐकू येते. पण कोण गेले, ते सांगायला कोणी येत नाही.’ आमच्याकडे पूर्वी घंटा वाजली की बायका ओट्यावर येत आणि वाडीतून नाव कळत जाई. आता नाव मोबाइलवर येते आणि त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. ज्यांच्याबरोबर त्या बागेत फुले खुडत होत्या, ती माणसे एकेक करून जात होती आणि त्यांच्यापर्यंत केवळ घंटेचा आवाज पोहोचत होता. त्यानंतर दोन वर्षे, त्या जाईपर्यंत, घंटा वाजली की मी त्यांच्याकडे जात असे, नाव सांगत असे, आणि आम्ही त्या मृताच्या आत्म्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणत असू. हे काम कोणत्याही परिषदेच्या अहवालात बसत नाही. ते संस्थेच्या साप्ताहिक सभेत कसे नोंदवावे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही आणि मी ते नोंदवलेही नाही.

तुम्हाला हेच करायला सांगत नाही. तुमच्याकडे वेगळी गोष्ट आहे : बँकेतील जवळजवळ चाळीस वर्षे. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि बोटांचे ठसे झिजलेल्या, यंत्राने न ओळखलेल्या वृद्धांची त्या महिन्यात बँकेत काय स्थिती होते, हे तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. वारस नोंदवलेला नाही म्हणून नवऱ्याच्या मागे खात्यातील पैशांसाठी हेलपाटे घालणाऱ्या विधवा तुमच्या धर्मग्रामात नक्की आहेत. नायगाव-नालासोपाऱ्याकडच्या इमारतींत भाड्याने राहणारी, केरळहून, मंगळूरहून, झारखंडहून आलेली कॅथलिक कुटुंबे मराठीतील अर्ज पुढे आला की गोंधळून जातात. आपल्या जुन्या घराण्यांतील लोक त्यांच्याशी मिस्सेत शांतीचे चिन्ह देण्यापलीकडे फारसे बोलत नाहीत, हे आपल्या वसईकरांचे एक दुखणेच आहे. आठवड्यातून एक सकाळ, एका घरी बसून, एका माणसाचा एक अर्ज भरून देण्यापासून आरंभ करा. ‘मार्गदर्शन केंद्र’ असा फलक लावू नका, निदान वर्षभर तरी नको. फलक लागला की उद्घाटन येते, उद्घाटनामागून समिती येते आणि समितीला सचिव लागतो.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आपण दर फेब्रुवारीत मोठ्या थाटाने साजरा करतो, पण त्यांच्या आयुष्यातील एक भाग सणाच्या गडबडीत बाजूला पडतो. तरुणपणी ते जपानमध्ये येशूसंघीय (जेजुइट) धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षणाचे काम करत होते. संघात घ्यावे, अशी विनंती त्यांनी वारंवार केली आणि ती मान्य झाली नाही. ते व्यापारात शिरले. पुढे मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघाने त्यांना घेतले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. त्याच जपानला ते परतले, दुभाषी होऊन. कारण पहिल्या कामात शिकलेली जपानी भाषा त्यांच्याजवळ होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आणखी २५ जणांबरोबर त्यांना क्रूसावर ठार मारण्यात आले आणि १८६२ साली ते संत घोषित झाले. नकार मिळाल्यानंतरच्या व्यापारी वर्षांत त्यांच्या मनात काय चालले असेल, याविषयी मी काही सांगू शकत नाही. पण ज्या घरात प्रवेश नाकारला गेला, तेथे शिकलेली भाषाच पुढे कामी आली, आणि हाताशी तीन वर्षांचे सचिवपद आणि चाळीस वर्षांची बँक असलेल्या माणसाला हे सांगावेसे वाटले.

एक गोष्ट मात्र इतक्यात करू नका. पत्नी गेलेल्या इतर पुरुषांना भेटायला जाण्याचे तुमच्या मनात येईल, कारण मृत्यूनंतरची महिन्याची मिस्सा झाल्यावर घर कसे रिकामे होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते काम तुम्ही एक दिवस फार चांगले कराल. परंतु आज गेलात, तर त्यांच्या घरी बसून स्वतःचेच रडू आवराल. त्याआधी घरी एक सोपी गोष्ट सुरू करा. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आहे आणि तो अजून संपलेला नाही. तुमच्या पत्रात सभा, मंडप, हिशेब आहेत, पण एकट्याने किंवा घरच्यांबरोबर केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख नाही. पूर्वी जपमाळ तुमच्या घरी बहुधा पत्नी सुरू करत असेल. आमच्या पिढीत बहुतेक घरांत तसेच होते. आज रात्री मुलीला विचारा, ‘जपमाळेचे एक दशक म्हणूया का?’ ती आश्चर्याने पाहील. तुमच्या न झोपलेल्या रात्रीविषयी तिला काही सांगण्याची आवश्यकता पडणार नाही.

आणि २ नोव्हेंबर जवळ आला आहे. मृतांच्या स्मरणदिनी सारे धर्मग्राम दफनभूमीत असेल, तुम्हीही सकाळीच जाऊन कबर धुऊन, फुले घालून आला असाल. संध्याकाळी नवे फादर पवित्र जल शिंपडत ओळीने पुढे येतील आणि तुमच्या पत्नीच्या कबरीपाशी क्षणभर थांबतील. तेथे तुमची आणि त्यांची पहिली भेट होऊ नये, असे मला वाटते. फाइली त्याआधी पोहोचवा, आणि सभागृहाच्या चाव्याही त्यांतच ठेवल्या आहेत ना, ते पाहून घ्या.